पापडांच्या नावावर जमा

सावेडी, अहिल्यानगर
ता. ४ जुलै २०२५

चि. देवश्रीस विजयाआत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही. कानातलं नवं यंत्र मोबाईल जवळ आला की शिट्टी वाजवतं. मग अर्धं मला ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते. या कामात मनाने भरून चालणार नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांच्या घरी बायकांचे मोबाईल वाचले जातात. कागदाकडे आता कोणी बघत नाही.

आपल्या पुढच्या गाळ्यातली केशरबाई तुला माहीत आहेच. पाथर्डीकडची, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. एका वर्षी कोयता खाली ठेवला आणि माझ्या गाळ्यात शेगडी मांडली. आता नागापूरच्या एमआयडीसीतल्या कामगारांना तिचे डबे जातात. जोडीला पापड, कुरडया, मेतकूट, मसाले. बाहेर 'केशर गृहउद्योग' अशी पाटी आणि पाटीखाली पैसे भरायच्या क्यूआर कोडचा कागद. सोमवारी तिला राज्य कर कार्यालयाची नोटीस आली. त्यांचं म्हणणं असं, की वर्षभरात या कोडवर वीस लाखांहून कितीतरी जास्त जमा झाले, मग जीएसटीची नोंदणी का नाही, आणि कर, व्याज, दंड का वसूल करू नये. मी वाचून दाखवली तेव्हा केशरबाई म्हणाली की एवढं विकलं असतं तर माझ्या पायात धड चप्पल तरी दिसली असती.

आता खरं सांगते. त्यातली निम्म्याजवळ रक्कम भिशीची आहे. आमच्या भागातल्या चाळीसेक बायकांची भिशी केशरबाई चालवते. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेले पैसे द्यायचे, जिची चिठ्ठी निघेल तिने सगळे उचलायचे. यात नवीन काही नाही. नवीन आहे ते बायकांचं डोकं. रोख दिले तर नवरा विचारतो कुठे गेले. केशरबाईच्या नावाने पाठवले तर विचारतो ही कोण. दुकानाच्या कोडवर पाठवले की मोबाईलवर उमटतं, केशर गृहउद्योग. पापड घेतले असतील. संपला प्रश्न. त्यामुळे दर महिन्याच्या सुरुवातीला सावेडीतल्या चाळीस घरांत कागदोपत्री पापड तळले जातात. आणि जिची भिशी निघते तिला पैसे रोख मिळतात, कुरडयांच्या पिशवीत घालून.

मला नोटिशीचा एवढा संताप नाही. कर कार्यालयाच्या यंत्राला पापड आणि भिशी सारखेच. संताप याचा आहे, की स्वतःच्या घरात महिन्याला तीन हजार बाजूला ठेवायला बाईला पापडांचं सोंग आणावं लागतं. विमा कंपनीत मी उभा जन्म काढला. वारस म्हणून बायकोचं नाव घालणारे पुरुष तिची जन्मतारीख विचारायला घरी पळायचे. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर आम्हाला सांगायच्या की खोटं बोलणं पाप आहे. खोटं बोलायला कोण लावतं, ते मात्र धड्यात नव्हतं.

हा कर बसला तर गाळा बंद. दिवाळीनंतर केशरबाई आणि तिचा नवरा सूर्यभान पुन्हा ट्रकमध्ये बसून कारखान्याच्या फडावर जातील. तिची कंबर आता त्या कामाची राहिलेली नाही. तू सी.ए. झालीस, आता त्याचा एका बाईला उपयोग होऊ दे. सुमंतला यातलं काही कळवू नकोस. माझा भाऊ बँकेतून निवृत्त झाला, त्याच्यातला कॅशियर अजून झालेला नाही.

लोभ आहेच, तो वाढवत बसण्यापेक्षा उत्तर लवकर टाक.

तुझी
विजयाआत्या


पुणे
ता. ९ जुलै २०२५

ती. विजयाआत्यास देवश्रीचा शि. सा. न., वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा कामासाठी आणि एकदा तुझ्यासाठी. आधी केशरबाईंना सांग की नोटीस म्हणजे शिक्षा नाही, तो प्रश्न आहे. प्रश्नाला मुदतीत उत्तर दिलं नाही तर मात्र त्याची शिक्षा होते. मी आजच जास्त वेळ मागणारा अर्ज ऑनलाइन टाकला आहे.

डबे पुरवणाऱ्या माणसाला नोंदणीची मर्यादा वर्षाला वीस लाखांची आहे. केशरबाईंची खरी विक्री त्याच्या बरीच खाली असेल तर त्यांना नोंदणी लागत नाही. भिशीत जमलेले पैसे विक्री नव्हेत, त्यावर हा कर नाही. पण हे आपल्याला माहीत असून उपयोग नाही, दाखवता आलं पाहिजे. पिठाची, तेलाची, गॅसची बिलं जमव. डबे कोणाकोणाला जातात ते लिहून घे. यावरून खरी विक्री किती ते दिसेल.

अडचण दुसऱ्या बाजूला आहे. भिशीचे पैसे आत आले ते कोडवरून, बाहेर गेले ते रोख. म्हणजे येताना ते विक्रीसारखे दिसतात आणि जाताना दिसतच नाहीत. आता ते विक्रीचे नव्हते असं फक्त देणाऱ्या बायकाच सांगू शकतात. प्रत्येकीने नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करायचं, की मी भिशीचे पैसे या कोडवर भरले आणि माझी पाळी आली तेव्हा रोख घेतले. सोबत ज्या खात्यातून पैसे गेले त्याचा बँकेचा उतारा. दहा-बारा जणींनी दिलं तर भागणार नाही. जवळजवळ सगळ्यांनी द्यायला हवं, नाहीतर रक्कम मर्यादेखाली येत नाही.

कोणी सुचवेल की पैसे हातउसने दाखवा. नको. एक खोटं झाकायला दुसरं नको. भिशीचे पैसे या कोडवर आजपासून पूर्ण बंद. अशी भिशी चालवण्यालाही कायदा आहे. तो मी एका वकिलांना विचारते आहे. तुझे टोमणे उत्तरात घालणार नाही, त्यांच्यावर कोणी सूट देत नाही.

बाबांना अर्थातच कळवत नाही. आईला फोन केला की ती हल्ली दोन वाक्यांत बाबांच्या हातात देते. बरी आहे ना? चार घरांवर तर आहे, एकदा डोकावून ये.

तुझ्या आशीर्वादाबरोबर थोडं लोणचंही चालेल.

तुझी
देवश्री


सावेडी, अहिल्यानगर
ता. २१ जुलै २०२५

चि. देवश्रीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

बिलं जमली. सूर्यभानने तेलाच्या डब्याखालीसुद्धा एक शोधलं. त्या बाजूने काळजी नको.

बायकांना दुपारी माझ्या ओसरीत बोलावलं आणि तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या कानांमुळे मी जरा जास्तच मोठ्याने वाचते, तर एकीने उठून फाटक लावून घेतलं. प्रतिज्ञापत्र म्हटल्यावर आधी सगळ्यांनी फाटकाकडे बघितलं. मग सगळ्याच बोलायला लागल्या. भागूबाईने विचारलं की सही केली तर सरकार आमचे पैसे नेणार का. मी सांगितलं, नाही. ती म्हणाली, मग नवरा नेणार. सुकन्याने तिथल्या तिथे नाव दिलं. तिचा नवरा तिच्या भिशीतूनच गाडीचे हप्ते भरतो, म्हणजे तिच्याकडे लपवायला काही उरलेलं नाही. एक म्हणाली की मला नवऱ्याची भीती नाही, सासूची आहे. दुसरीने तिला सांगितलं की तुझी सासू गेल्या वर्षापर्यंत याच भिशीत होती. त्यावर सगळ्या हसल्या. ती एकटी हसली नाही, ती रडायला लागली. मला वाटलं होतं की मी यांना धीर देईन. पण माझ्या पेन्शनचा हिशेब मागायला घरात कोणी नाही, मी कोणत्या तोंडाने सांगू की घाबरू नका?

आजपर्यंत निम्म्या जणी तयार झाल्या आहेत. उरलेल्या एकीकडे बघून थांबल्या आहेत. त्या बाईचे भिशीत दोन वाटे आहेत. घर चांगलं, नवरा सभ्य, चार लोकांत मान. बाकीच्यांचं म्हणणं असं, की ती सही करत नाही म्हणजे यात नक्की काहीतरी वाईट आहे, मग आम्हीच का करावी. मी रोज तिच्याकडे जाते. ती चहा करते, पोहे करते, आणि सहीचं निघालं की उठून वाळत घातलेले कपडे काढायला जाते. परवा म्हणाली, मी चोरी केली नाही वन्सं, पण चोरीसारखं लपवलंय, आता ते चोरीच दिसणार.

नाव विचारू नकोस. मी शब्द दिला आहे आणि तो मोडणार नाही. मला एवढंच सांग, की प्रतिज्ञापत्र दिल्यावर घरी टपालाने काही येतं का? आणि बँकेचा उतारा नवऱ्याला न कळता मिळतो का? खातं दोघांचं आहे आणि निरोप नवऱ्याच्या मोबाईलवर जातात.

सुनावणीची तारीख पुढल्या महिन्यात लागली आहे. केशरबाई मुकाट्याने डबे भरते. भाजीत दोनदा मीठ पडलं, कामगारांपैकी कोणी काही बोललं नाही, यावरूनच समज की एमआयडीसीपर्यंत बातमी गेली आहे.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी, आणि वाट बघण्याची मुळीच सवय नसलेली,

विजयाआत्या


सावेडी
ता. २५ जुलै

देवश्रीताईंना केशरबाईचा नमस्कार.

मी सातवी शिकले हाय, अक्षराला हसू नका. तुमचा पत्ता पाकिटावरून उतरून घेतला. विजयाबाईंना ठाव न्हाई.

ताई, तुमी माज्यासाठी लई करताय. बाकीच्या बायांचं मी बघून घीन, पर तुमच्या आईला सहीसाठी कुनी जोर लावू नका. विजयाबाई रोज त्यांच्या घरी जात्यात, मला बघवत न्हाई. त्या माउली मला कदी वंगाळ बोलल्या न्हाईत. पैल्यांदा आमी तोडीवरून आलो तवा आमाला कुनी दारात उभं करत नव्हतं, त्यांनी पाटावर बसवलं हुतं. त्यांच्या आन् साहेबांच्या मधी माज्यापायी इख नको. तुमी लेक हायसा, तुमाला माज्यापरीस जास्त कळतंय.

मी सूर्यभानला बोलले, बसंल तो कर भरू, न्हाई जमलं तर गाळा सोडू आन् कारखान्यावर जाऊ. त्यो म्हनला, तुजी कंबर वाकत न्हाई, मोळी काय उचलशील. मी म्हनलं, तू उचल, मी नुसती बांधते. हसला, पर जेवला न्हाई.

सरकारला सांगा, माजं येकटीचं काय ते करा. बायांची नावं नको.

चुकलं असंल तर पोटात घाला.

केशरबाई


पुणे
ता. २९ जुलै २०२५

ती. आईस शि. सा. न., वि. वि.

हे पत्र आत्याच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण आपल्या घरी आलेलं पाकीट बाबा फोडतात. त्यात त्यांचं काही मुद्दाम नसतं, हे आपण सगळेच म्हणत आलो.

आत्याने शब्द मोडलेला नाही, तिच्यावर रागावू नकोस. केशरबाईंना वाटलं की मला माहीत आहे. त्यांनी मला लिहिलं की माझ्या आईला सहीसाठी कोणी जोर लावू नये. कालपासून ते पत्र माझ्या टेबलावर आहे. आत्याने लिहिलेली ती बाई, जी सहीचं निघालं की कपडे काढायला जाते, तिला मी मनात भित्री म्हणाले होते. ते तुला कळायला हवं असं मला वाटलं.

तू विचारलंस त्याची उत्तरं देते. प्रतिज्ञापत्र कार्यालयात राहतं, घरी काही येत नाही. पण बँकेचा उतारा मागितला की निरोप बाबांच्या मोबाईलवर जाईल. त्यांना न कळता हे होण्याची वाट मी शोधली, नाही. कोणतीही नाही. तुला खोटी आशा दाखवणार नाही.

तू सही केलीस तर थांबलेल्या बायका करतील आणि केशरबाईंचा गाळा बहुतेक वाचेल. नाही केलीस तर बहुतेक वाचणार नाही. वकिलांनी सांगितलं आहे की तू सही केलीस किंवा नाही केलीस, तरी भिशी मात्र बंद करावी लागेल. सल्लागार म्हणून मला एवढंच सांगता येतं. मुलगी म्हणून सही कर असं सांगणार नाही आणि नको असंही नाही. कशासाठी साठवत होतीस तेही विचारणार नाही. तुला आयुष्यभर पुरेसं विचारून झालं आहे.

काहीही ठरवलंस तरी मी तुझ्या बाजूला आहे, हे धरून चाल.

तुझी
देवश्री


सावेडी, अहिल्यानगर
ता. २२ ऑगस्ट २०२५

चि. देवश्रीस आईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वन्संनी माझ्या हातात दिलं आणि स्वतः स्वयंपाकघरात निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. त्यांच्याकडे एकट्या बाईची दोन भांडी, घासायला एवढा वेळ लागत नाही. मला रडता यावं म्हणून वाजवत होत्या.

तू विचारलं नाहीस, म्हणून सांगते. मला काही घ्यायचं नव्हतं. दागिना नको होता, कुठे जायचंही नव्हतं. राहुरीच्या विकलेल्या जमिनीची माझ्या वडिलांकडून आलेली वाटणी ठेवीत आहे, माझ्याच नावावर. तू थट्टेने म्हणतेस की आई, तू आपल्या घरातली श्रीमंत बाई. त्या ठेवींच्या पावत्या यांच्या कपाटात आहेत. व्याज दोघांच्या खात्यात येतं, आणि भाजीला किती गेले ते मी रोज जेवण झाल्यावर सांगते. लग्न झाल्यापासून सांगते आहे. यांनी कधी आवाज चढवला नाही, हात तर दूरच. फक्त विचारतात. मला एक रक्कम अशी हवी होती, की जिच्याबद्दल कोणी विचारणार नाही. उचललेली भिशी वन्संच्या कपाटात ठेवली आहे, त्यातला एक रुपया मी खर्च केलेला नाही. ती तिथे आहे एवढ्यावर मला बरं वाटायचं. हे बाहेरच्या कोणाला सांगितलं तर वेडी म्हणतील, म्हणून तुला सांगते.

तुझं पत्र मिळाल्यावरच्या पहिल्याच रविवारी जेवताना मी यांना सगळं सांगितलं. यांनी पहिल्यांदा विचारलं, किती. मी सांगितलं नाही. मग म्हणाले, मागितले असतेस तर दिले असते. खरंच दिले असते, देवश्री. कशाला हवेत ते मी सांगितलं असतं, यांनी लिहून ठेवलं असतं, आणि उरलेले परत मागितले असते. मी हे तोंडावर बोलले. एवढं बोलायचं ठरवायला मला फार वर्षं लागली आणि बोलायला एक क्षणसुद्धा लागला नाही. ते ताटावरून उठले नाहीत. ताकभात खाल्ला, हात धुतला. मग दारात उभं राहून म्हणाले की दोन माणसांच्या घरात एवढं मेतकूट लागतं कसं, असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा तू पाहुण्यांचं नाव घेतलं होतंस. मी हो म्हणाले. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. बँकेचा उतारा मात्र दुसऱ्या दिवशी देवघरासमोर ठेवलेला सापडला.

मी सही केली. त्याच दिवशी भागूबाई आली, तिच्यामागे दुसऱ्या आल्या. तिघी आल्या नाहीत. त्यांना कोणी नावं ठेवू नयेत असं मी वन्संना बजावलं आहे. त्यांच्या जिभेला ते जड जातंय, पण ऐकलं.

सुनावणीला तुझ्या जागी तुझ्या मदतनीस बाई आल्या होत्या, आणि आम्ही बाहेरच्या बाकांवर. अधिकारी बाई तुझ्याहून लहान असतील. त्यांनी केशरबाईला विचारलं की भिशी होती, तर दुकानाच्या कोडवर कशाला घेतली. आमची नावं तिच्या तोंडून निघेनात. मला आत बोलावलं नव्हतं, पण दार उघडं होतं, मी आत गेले आणि सांगितलं की घरी दिसू नये म्हणून. त्या बाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला. माझ्याकडे पाहिलं, आणि मी बोलले तेच वाक्य लिहून घेतलं. सरकारच्या कागदावर आता ते आहे.

नोटीस रद्द झाल्याचं तुला माझ्याआधी कळलं असेल. केशरबाईने नवा कोड घेतला आहे, फक्त विक्रीचा. विक्री मर्यादेजवळ गेली की नोंदणी घ्यायची, हे तिने पाठ केलं आहे. वन्सं म्हणतात की तिच्या भाजीतलं मीठ जागेवर आलं. भिशी मोडली. शेवटच्या दिवशी सगळ्या ओसरीत बसलो होतो तेव्हा भागूबाईने विचारलं की आता आपले पैसे ठेवायचे कुठे. वन्सं चहा टाकायला उठल्या.

आता तुझ्याकडे एक काम आहे. दरवर्षी तू फोन करतेस, माझ्या मोबाईलवर आलेला ओटीपी मागतेस, मी चष्मा शोधून तो वाचून दाखवते आणि माझं आयकराचं विवरणपत्र भरून होतं. ते कसं दिसतं ते मी अजून पाहिलेलं नाही. यंदा मुदत पुढे गेल्याचं पेपरात आलं आहे. गणपतीला येशील तेव्हा माझे कागद घेऊन ये, यांचे राहू देत. ठेवींच्या पावत्या मी यांच्याकडे मागितल्या आहेत. अजून दिलेल्या नाहीत, पण नाही असंही म्हणाले नाहीत. माझ्या शेजारी बस आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखव. मला कळलं नाही तिथे थांब. वन्संच्या कपाटातल्या पैशाबद्दल काही लिहावं लागत असेल तर तेही सांग, मी लिहीन.

ओटीपी त्यानंतर देईन.

जपून ये, आणि येताना हातात वेळ घेऊन ये.

तुझी आई
पंकजा